साक्षरतेचा वर्ग आणि सप्टेंबरच्या आठवणी

(जालना जिल्ह्यातील साक्षरता कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. युनेस्कोने १९६६ साली तो घोषित केला. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. दोहोंत अंतर अवघे नऊ दिवसांचे. पहिल्या दिवशी साक्षरतेचे फलक लागतात, फेरी निघते. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होते. मधल्या दिवसांत वर्ग नेहमीप्रमाणे चालतो. समजा, अशाच एका संध्याकाळी साठी उलटलेली एखादी आजी ‘घर’ हा शब्द गिरवता गिरवता थांबते आणि तिच्या आईने सांगितलेली रझाकारांच्या काळातील हकिकत सांगू लागते. घर कसे पेटले, धान्याच्या पेवात कोण लपले, रात्रीतून वऱ्हाडाच्या हद्दीकडे कोण निघाले आणि कोण मागे राहिले. शिकवणारा स्वयंसेवक वीस-बावीस वर्षांचा. तो गोंधळतो आणि म्हणतो, “आजी, ते राहू द्या. आधी हे लिहून काढा.”

त्या तरुणाचा यात दोष नाही. स्वर, व्यंजने, काना, मात्रा, बेरीज, वजाबाकी यांची तयारी करूनच तो आलेला असतो. परीक्षा दीडशे गुणांची आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास गुण. पेटलेल्या घराचे काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

प्रथम जिल्ह्याची स्थिती ध्यानात घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची साक्षरता ७१.५२ टक्के होती, राज्याची ८२.३४ टक्के. जिल्ह्यातील पुरुषांत हे प्रमाण ८१ टक्क्यांवर होते, तर स्त्रियांत जेमतेम ६१. राज्यात तळाशी असलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते ती प्रामुख्याने या अंतरामुळे. साक्षरतेच्या वर्गात बसते ती बहुतांशी बाई आणि तीही उतरत्या वयाची. २०२२ साली सुरू झालेल्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचा सारा भार स्वयंसेवकांवर आहे. त्यामुळे पुष्कळदा सून सासूला शिकवते, नात आजीला शिकवते. वर्ग म्हणजे ओसरीच असते, आणि ओसरीवर केवळ अक्षरांची चर्चा व्हावी अशी अपेक्षाच अनैसर्गिक आहे.

ही निरक्षरता आकाशातून पडलेली नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू झाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची तर ती ओळखच होती. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला वरचे शिक्षण परभाषेतून घ्यावे लागे. सभा घ्यायची तर सरकारी परवाना, खासगी शाळा काढायची तरी परवाना. भारत स्वतंत्र झाल्यावर पहिली जनगणना १९५१ साली झाली, तेव्हा हैदराबाद राज्यात दर दहा माणसांत जेमतेम एकाला अक्षरओळख होती. म्हणूनच या लढ्यात शिक्षक मोठ्या संख्येने पुढे आले, हा योगायोग मानता येणार नाही. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे शिक्षक. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते परतूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातच. मातृभाषेतून शिक्षण ही त्या काळातील जागृतीची एक मुख्य प्रेरणा होती. आज परतूर तालुक्यात कोणी साक्षरतेचा वर्ग घेत असेल, तर तो त्या अधिवेशनाचे उरलेले काम करीत आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतर आले ते १९४७-४८ चे वर्ष. कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेने गावोगाव जो उच्छाद मांडला, त्याची तपशीलवार पुनरावृत्ती या श्रोत्यांसमोर करण्याचे कारण नाही. हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकरांचे नाव जालनेकरांना परके नाही. देऊळगाव राजाची वाट धरली की निजामी अंमलदारांची हद्द संपे. त्या वाटेने किती कुटुंबे अंगावरच्या वस्त्रानिशी गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, पहिल्या दोन-तीन दिवसांतच जालना ताब्यात आले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात या घटनेला ‘पोलीस ॲक्शन’ हेच नाव आहे. ‘ॲक्शनच्या साली थोरला पाळण्यात होता’ अशी वयाची गणना या भागात चाले. ‘रझाकारी’ हा शब्द तर बेबंदशाहीचा पर्याय म्हणून आजही रोजच्या भांडणात वापरला जातो. ज्यांनी रझाकार पाहिला नाही, त्यांच्याही जिभेवर तो आहे. सामूहिक आघात म्हणतात तो हाच. घटना संपते, साक्षीदारही एकेक करून जातात; पण भाषेत, सवयींत आणि भयात ती पुढच्या पिढीकडे येते. १९४८ मध्ये पाच वर्षांचे असलेले मूल आज ऐंशी ओलांडून गेले आहे. वर्गात बसलेली आजी ही बहुधा त्या मुलाची धाकटी बहीण किंवा लेक असते. तिने पाहिलेले काही नाही. ऐकलेले मात्र सर्व आहे.

आता मूळ प्रश्न. हे सारे वर्गात आले तर काय करावे? एक मार्ग वर आलाच, विषय टाळण्याचा. दुसरा मार्ग त्याहून घातक आहे आणि दुर्दैवाने उत्साही कार्यकर्त्यांना तो अधिक मोह घालतो. आजीच्या दोन वाक्यांचा धागा पकडून शिकवणारा स्वतःच अर्धा तास भाषण करतो. आजीची आई, तिचे घर, ते पेव हे सगळे बाजूला पडते आणि तिच्या दुःखाचे घोषवाक्य होते. पहिल्या मार्गात तिचे तोंड बंद केले जाते, दुसऱ्यात तिच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घातले जातात. दोन्ही वेळी तिची पाटी कोरीच राहते.

तिसरा मार्ग साधा आहे आणि तो साक्षरतेच्या कामातच अंतर्भूत आहे. तिने जे सांगितले, ते तिच्याच शब्दांत एका वाक्यात लिहावे, मोठ्या अक्षरांत, तिच्यासमोर. मग तेच वाक्य तिच्याकडून वाचून घ्यावे. ‘माझी आई पेवात लपली होती.’ या एका वाक्यात ‘आ’ आहे, ‘ई’ आहे, ‘प’ला मात्रा आहे, ‘ल’ दोन वेळा आहे. प्रवेशिकेतील वाक्य ती महिनाभराने विसरेल. हे वाक्य विसरणार नाही. ब्राझीलचे पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली आंगिकोस या लहान गावात शेतमजुरांचे वर्ग चालवले, तेव्हा शिकणाऱ्याच्या जीवनातील शब्दांपासूनच आरंभ करण्याची त्यांची पद्धत होती. पुढच्याच वर्षी तेथे लष्करी सत्ता आली. फ्रेरी तुरुंगात गेले व नंतर परागंदा झाले. शब्द शिकवणाऱ्याचे सत्तेला भय वाटते, हे परतूरच्या भूमीला ब्राझीलकडून शिकावे लागत नाही. पण पद्धत म्हणून ती उपयुक्त आहे.

अशा वाक्यांचे लेखन करताना एका गोष्टीची मात्र पराकाष्ठेची काळजी घ्यावी लागते, आणि ती व्याकरणाची आहे. ‘घर जाळले.’ हे वाक्य फळ्यावर आले की पुढचा प्रश्न उभा राहतो: कोणी? येथे कर्ता लिहायचा आहे. ‘रझाकारांनी घर जाळले’ हे वाक्य वेगळे आणि ‘मुसलमानांनी घर जाळले’ हे वेगळे. फरक एका शब्दाचा. पहिल्या वाक्यात एका सशस्त्र संघटनेचे कृत्य नोंदले जाते. दुसऱ्यात शेजारच्या गल्लीतील, कदाचित त्याच वर्गात बसलेल्या बाईच्या साऱ्या कुळाला कर्ता केले जाते. ज्या माणसाने ते कृत्य केले, त्याचे नाव आजीला ठाऊक असेल तर ती त्याचे नाव सांगेल. नसेल तर संघटनेचे नाव पुरे. रझाकारांच्या विरोधात लिहिणारा, भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत भर रस्त्यात हत्या झाली. तो कोणत्या वाक्यात बसवायचा? लेखणीसाठी प्राण देणाऱ्या त्या पत्रकाराचे नाव मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक स्मरणात यावयास हवे. ते फारसे येत नाही, ही आपलीच उणीव.

आणि आता जे सांगायचे आहे, ते ऐकण्यास जड आहे. वर्ग एका आजीचा नसतो. त्याच ओसरीवर दुसरी एखादी बाई असते, जिच्या घरी सप्टेंबर १९४८ ची आठवण १३ तारखेपर्यंतची नसून १७ तारखेनंतरची आहे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्यासह एक मंडळ पाहणीसाठी पाठवले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे त्यांनी नोंदले. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रकाशित केला नाही. आकड्यांविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु सूड घेतला गेला, त्यात निरपराध माणसे गेली, ही गोष्ट मतभेदाची नाही. त्याच अहवालात, अनेक हिंदूंनी प्राणांवर उदार होऊन आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवल्याचीही नोंद आहे, आणि तीही कोणी वाचलेली नाही.

रझाकारांच्या अत्याचारांविषयी बोलू दिले जात नाही, ही तक्रार मराठवाड्याने वर्षानुवर्षे केली. मराठवाड्याबाहेर १७ सप्टेंबरचे महत्त्व आजही समजावून सांगावे लागते. ज्यांनी ही तक्रार केली, त्यांनीच दुसऱ्या बाईचे वाक्य फळ्यावर येऊ दिले नाही, तर त्या तक्रारीचे नैतिक बळ ते काय उरले? तिचेही वाक्य लिहावे, आणि कर्त्याविषयी तोच निकष लावावा. ‘हिंदूंनी’ असे न लिहिता, ज्यांनी केले त्यांच्याविषयी लिहावे. दोन्ही वाक्ये एकाच फळ्यावर राहतील. एक लिहिल्याने दुसरे पुसले जात नाही.

तिसरीही एक आठवण जिल्ह्यात आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यातील कित्येक गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला; वस्तीतील आठवण त्या तारखेने संपली नाही. वर्गात ही आठवण सांगणारी बाई साठीच्या आतबाहेरची असते, म्हणजे तिने ते स्वतः पाहिलेले असते. येथे ऐकीव काही नाही. समाज एकसंध व्हावा अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी तर तिचे ऐकताना जराही घाई करू नये. ‘आता सगळे एक आहोत’ हे वाक्य खरे असेल, तर ते तिच्या तोंडून यायला हवे. शिकवणाऱ्याच्या तोंडून ते आले की त्याचा अर्थ ‘गप्प बैस’ एवढाच होतो.

या सर्वांवर ताजा थर चढला तो २०२३ साली. १ सप्टेंबर रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, दगडफेक झाली. आंदोलकही जखमी झाले, पोलीसही. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झाले. राजकारणाचा निवाडा हा या व्याख्यानाचा विषय नाही. पण अंबड तालुक्यातील एखाद्या वर्गात एका बाकावर अंतरवालीशी नाते सांगणारी आणि दुसऱ्यावर वडीगोद्रीशी नाते सांगणारी अशा दोघी बसत असतील, तर शिकवणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणीवर संयमाने बोलणे तुलनेने सोपे असते. गेल्या दोन-तीन वर्षांतील आठवणीवर संयम राखणे हीच खरी परीक्षा. आणि याच प्रकरणाने साक्षरतेचे मोलही उघड केले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा ती उर्दूत आणि मोडीत निघाली. आपल्याच पणजोबाचे नाव वाचण्यासाठी माणसाला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागले.

आघाताचा शिकण्यावर परिणाम होतो, हे अनुभवी शिक्षकांना ठाऊक असतेच. कॅनडात प्रौढ साक्षरतेचे काम करणाऱ्या जेनी हॉर्समन यांनी हिंसा सोसलेल्या स्त्रियांच्या शिकण्यावर सविस्तर लेखन केले आहे. त्यांचे एक निरीक्षण जालन्यातही लागू पडेल: अशी स्त्री वर्गात वारंवार गैरहजर राहते, मध्येच हरवते, काल आलेले अक्षर आज विसरते, आणि शिक्षक तिला ‘मंद’ किंवा ‘आळशी’ ठरवतो. हिंसा सोसलेली व्यक्ती वर्गात आहे असे गृहीत धरूनच शिकवावे, कोणाला सोसावे लागले हे शोधत बसू नये, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. हे फार महत्त्वाचे. कार्यकर्ता म्हणजे तपास अधिकारी नव्हे. कोणालाही ‘तुमच्या घरी काय झाले होते, सांगा’ असे विचारू नये. जिला बोलायचे नाही, तिच्यासाठी त्या संध्याकाळी वजाबाकीचे गणित तयार ठेवावे. कोणी रडू लागले तर पाणी द्यावे, शेजारी बसावे, बाकीच्यांना काम द्यावे. समजावणीचे प्रवचन नको. वर्ग सुटताना त्या बाईला एकटीला घरी धाडू नये. झोप उडणे, जेवण सुटणे, जगण्याची इच्छा नसल्याचे बोलणे असे दिसले, तर तो साक्षरतेचा विषय राहत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे न्यावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. हा क्रमांक वर्गात संख्यावाचनासाठीच लिहावा. ज्याला हवा तो निमूटपणे टिपून घेईल.

घरातली हिंसाही याच ओघात बाहेर येते, हे कार्यकर्त्या भगिनींना वेगळे सांगणे नलगे. रझाकारांची गोष्ट सांगता सांगता बाई नवऱ्याच्या माराविषयी बोलू लागते. मोठ्या इतिहासाच्या आडोशाने लहान, चालू दुःख बोलायला जागा मिळते. सासूला सून शिकवीत असेल तेथे तर ही जागा फारच अवघड. अशा घरांतील बायकांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी वर्ग घराबाहेर, देवळात वा शाळेत भरवावा.

हे सारे पाश्चात्त्यांकडून आले असे कोणास वाटत असेल, तर घनसावंगी तालुक्यातील जांब गावाकडे पाहावे. १६०८ साली तेथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी १६३० च्या भीषण दुष्काळाचा आणि परचक्रांचा काळ डोळ्यांनी पाहिला. त्यावर त्यांनी ‘अस्मानी सुलतानी’ आणि ‘परचक्रनिरूपण’ ही प्रकरणे रचली. लोक कसे देशोधडीला लागले, काय खाऊन जगले, कोणत्या विटंबना सोसल्या, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. आधी जे घडले ते सांगितले. उपाय आणि उपदेश नंतर. त्याच समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहिण्याच्या क्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सुटे, ठळक असावे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखे राहावे, लेखणी, शाई, कागद कसे सिद्ध करावेत, इतका बारीक विचार त्यात आहे. आपत्तीची नोंद आणि अक्षराचे वळण ही दोन्ही कामे जांबच्या एकाच पुरुषाने केली, याचे जालन्यातील साक्षरता कार्यकर्त्यांना विशेष वाटावे.

एक व्यावहारिक सूचना. पाटी पुसली जाते, म्हणून ही वाक्ये वहीत उतरवून ठेवावीत. गावाचे नाव, सांगणारीचे वय, कोणाकडून ऐकले, स्वतः पाहिले की ऐकीव, हे प्रत्येक वेळी लिहावे. पुढे कोणाला ही नोंद सरकारी कागदपत्रांशी पडताळायची झाली, तर एक अडचण ध्यानात असावी. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वीचा जालना औरंगाबाद जिल्ह्यात शोधावा लागतो आणि परतूर परभणीत. वहीची पहिली मालक सांगणारी बाईच असते. तिने लिहून झालेले मोठ्याने वाचून पाहावे, नको ते खोडावे, हवे ते वाढवावे. खाली तिचे नाव घालायचे की नाही, हे तिलाच विचारावे. आणि ती ‘घाला’ म्हणाली, तर लेखणी तिच्या हाती द्यावी.